घशातली मुकी सूज

टॉन्सिल दुखला की माणूस गुळण्या करतो. न दुखता नुसता दिसला, की घाबरतो. एरवी स्वतःच्या घशात कोण डोकावतं? दात घासताना आरशासमोर आ वासला जातो, नाहीतर दातांचे डॉक्टर सहज बोलून जातात, "टॉन्सिल्स मोठे आहेत हं तुमचे," आणि तिथून पुढे आठवडाभर थुंकी गिळतानाही काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहतं. ताप नाही, घसा लाल नाही, जेवण नेहमीसारखं चाललंय. मग ही सूज कसली?

पहिली अडचण शब्दाचीच आहे. मार लागून टम्म झालेल्या बोटालाही आपण सूज म्हणतो आणि हळूहळू मोठ्या झालेल्या ग्रंथीलाही सूजच म्हणतो. वैद्यकात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: एक दाह, दुसरी वाढ. दाह झाला की त्या जागी प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन अशी रसायनं सुटतात, मज्जातंतूंची टोकं हुळहुळी होतात आणि पाण्याचा घोटही जिवावर येतो. वाढ मात्र गुपचूप होते. पेशी संथपणे वाढतात, भोवतालचं आवरण तितक्याच संथपणे ताणलं जातं, आणि मज्जातंतूंना तक्रार करण्यासारखं काही घडतच नाही. म्हणून टॉन्सिल दुखत नाही यावरून एवढंच कळतं, की आत्ता तिथे आग भडकलेली नाही. ती लागून विझलेली असेल, राखेखाली धुमसत असेल, किंवा आगीशी संबंधच नसलेलं काही चाललं असेल. वेदना हा साक्षीदार इथे गप्प आहे. बाकीच्यांना विचारावं लागतं.

मुळात टॉन्सिल्स मोठे असणं हा दोष नाही. नाक आणि तोंड या दोन्ही वाटा जिथे एकत्र येतात, तिथे लसिका ऊतींचं, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींनी भरलेल्या ऊतींचं, एक कडं असतं. वाल्डेयर या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १८८४ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला वाल्डेयरचं कडं म्हणतात. नाकामागचे ॲडिनॉइड, जिभेच्या मुळाशी असलेला लसिकेचा थर आणि पडजिभेच्या दोन बाजूंचे हे टॉन्सिल्स ही सगळी एकाच कड्याची कुटुंबीय मंडळी. टॉन्सिलचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. त्यात साधारण १० ते ३० खोल बिळं असतात, आणि तोंडावाटे येणारे जंतू त्या बिळांत अडकून रोगप्रतिकारक पेशींना 'भेटतात'. लहान वयात ही ओळख करून घेण्याचं काम जोरात असतं, त्यामुळे साधारण ३ ते ७ वर्षांच्या मुलांचे टॉन्सिल्स घशाच्या मानाने चांगलेच मोठे दिसतात. पौगंडावस्थेनंतर ते आक्रसत जातात. पाच वर्षांच्या मुलाच्या घशात दोन्हीकडे सारखे, फिकट गुलाबी, न दुखणारे मोठे टॉन्सिल्स दिसले तर बहुतेक वेळा कारण 'वय' एवढंच असतं. तेच चित्र पन्नाशीत नव्याने दिसलं, तर 'वय' हे उत्तर चालत नाही.

आता पाहायचं कसं ते. इथेच निम्मी घबराट तयार होते. जीभ पूर्ण बाहेर काढून ताणली किंवा चमच्याने मागे दाबली की उमासा येतो, आणि उमासा आला की घशाचे स्नायू आवळून टॉन्सिल्स मधोमध ढकलले जातात. त्या क्षणी ते एकमेकांना भिडल्यासारखे दिसतात. तो आकार खरा नव्हे. आरशासमोर बसून मोबाइलचा दिवा समोरून, किंचित खालून धरायचा. जीभ तोंडातच सैल ठेवायची. तोंडाने सावकाश श्वास घेत हलकेच 'आ' म्हणायचं. चमचा लागलाच तर त्याची दांडी जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागावरच टेकवायची, त्यामागे जायचं नाही. एक फोटो काढून त्यावर तारीख टाकून ठेवावी आणि पुढचा फोटो त्याच दिव्यात, त्याच अंतरावरून दोन आठवड्यांनी काढावा. रोज पाहणाऱ्याला रोज वाढ दिसते.

कान-नाक-घसा तज्ज्ञ आकार मिलिमीटरमध्ये मोजत बसत नाहीत. टॉन्सिलच्या पुढे जी कमान दिसते, त्या दोन्ही बाजूंच्या कमानींमधली मोकळी जागा टॉन्सिल्सनी किती व्यापली आहे ते पाहतात. पाव भागापर्यंत असेल तर पहिली श्रेणी, निम्म्यापर्यंत दुसरी, पाऊण भागापर्यंत तिसरी आणि त्याहून जास्त असेल तर चौथी. ही मोजपट्टी कामाची आहे, पण तिच्यात एक फट आहे. काहींचे टॉन्सिल्स कमानीमागच्या खोबणीत खोल बसलेले असतात, काहींचे उथळ. खोल बसलेला मोठा टॉन्सिल लहान दिसतो आणि उथळ बसलेला लहान टॉन्सिल उगाच मोठा दिसतो. एकाच माणसाची डावी खोबणी खोल आणि उजवी उथळ असली, की 'एकाच बाजूला सूज' आली असं वाटतं. काढून वजन केलं तर दोन्ही सारखे निघतात. एका बाजूच्या सुजेची ही सर्वांत निरुपद्रवी आणि बऱ्याचदा आढळणारी तऱ्हा.

आकारापेक्षा बाकीचं पाहणं जास्त उपयोगाचं. दोन्ही बाजूंचा रंग सारखा आहे का? पृष्ठभाग सारखाच खडबडीत आहे, की एका जागी चामखिळीसारखं, व्रणासारखं किंवा ताठ गुळगुळीत काही आहे? पडजीभ मधोमध लोंबते आहे, की एका बाजूला सरकली आहे? घशात पू साठूनही पडजीभ सरकते, पण तेव्हा ताप, जबडा न उघडणं आणि असह्य वेदना असतात. न दुखता सरकलेली पडजीभ आणि तिच्या शेजारी वरून अगदी निरोगी दिसणारा, फक्त पुढे आलेला टॉन्सिल असेल, तर संशय टॉन्सिलवर घ्यायचा नसतो, त्याच्या मागच्या जागेवर घ्यायचा असतो. लाळग्रंथीच्या आतल्या भागातली गाठ किंवा घशाच्या बाजूच्या पोकळीत वाढणारी गाठ टॉन्सिलला मागून ढकलते. टॉन्सिल बिचारा खिडकीत उभा केलेला. तिथे काही धडधडताना दिसलं तर ती सरकलेली रक्तवाहिनीही असू शकते, म्हणून स्कॅन झाल्याखेरीज अशा फुगवट्याला सुई लावत नाहीत.

दोन्ही टॉन्सिल्स मोठे आणि न दुखणारे असण्याची कारणं बरीच आहेत, पण ती एका माळेतली नाहीत. पुन्हापुन्हा झालेल्या संसर्गाने टॉन्सिलमधल्या लसिका पेशींचे पुंजके मोठे होतात आणि संसर्ग गेल्यावरही तसेच राहतात. जंतू बिळांत चिकट थर करून राहतात, त्यामुळे औषधाने घसा बरा वाटतो आणि महिन्याभराने पुन्हा तेच. नाकाची ॲलर्जी असली तर नाकामागून झिरपणारा स्राव आणि तोंडाने घेतलेला कोरडा श्वास घशाला सतत डिवचत राहतो. धूम्रपान आणि घरातला दुसऱ्याचा धूर त्यात भर घालतो. पोटातलं आम्ल वर येत असेल तर त्याचा मार जास्त करून जिभेच्या मुळाशी असलेल्या ऊतींना बसतो. सकाळी आवाज बसलेला असणं आणि सारखं घसा खाकरावा लागणं ही त्याची खूण. रात्रीचं जेवण झोपण्याआधी ३ तास आणि पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटिमीटर उंच, एवढ्याने फरक पडतो का ते काही आठवडे पाहता येतं. उशा वाढवून मात्र काम होत नाही, कारण त्याने मान वाकते, पोट दाबलं जातं आणि आम्ल उलट वर येतं.

बिळांत साचणारे पिवळट पांढरे खडे हे आणखी एक घाबरवणारं दृश्य. मेलेल्या पेशी, अन्नकण आणि जंतू एकत्र होऊन त्यावर कॅल्शियम साठतं. दुखत बहुधा नाही, पण तोंडाला गंधकासारखा वास येतो. जोरात गुळण्या केल्याने बरेच खडे सुटतात. केसांच्या पिनेने किंवा टोकदार काडीने कोरायला जाऊ नये. टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो आणि एवढ्याशा ओरखड्यातून घाबरगुंडी उडवण्याइतकं रक्त येतं. बिळाचं तोंड बंद झालं तर आत पिवळसर, मऊ, गुळगुळीत पुटी तयार होते. तीही न दुखणारी, आणि तिला बहुधा काही करावं लागत नाही.

विषाणूंमध्ये एपस्टाइन-बार या विषाणूची गंमत वेगळी आहे. तरुणपणी त्याने गाठलं तर घसा इतका दुखतो की 'न दुखणारी सूज' या विषयात त्याचं कामच नाही असं वाटेल. पण लहान मुलांत तो बऱ्याचदा काही न सांगता येऊन जातो, आणि मोठ्यांत दुखणं थांबल्यावरही टॉन्सिल्स आणि मानेच्या गाठी काही आठवडे फुगलेल्या राहतात. दुखून गेलेलं विसरलेला माणूस मग म्हणतो, दुखत तर कधीच नव्हतं. या आजाराची झटपट रक्तचाचणी पहिल्या आठवड्यात खोटं 'नाही' सांगू शकते, आणि अगदी लहान मुलांत ती फार भरवशाची नाही. अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक दिलं गेलं तर बऱ्याचदा अंगभर पुरळ उठतं आणि औषधाची ॲलर्जी असल्याचा शिक्का जन्मभर बसतो, जो बहुतेकदा चुकीचा असतो. प्लीहा वाढलेली असू शकते, म्हणून किमान ३ ते ४ आठवडे धक्काबुक्कीचे खेळ बंद. प्रौढ माणसाचे दोन्ही टॉन्सिल्स आणि ॲडिनॉइड नव्याने वाढले असतील, तर एचआयव्हीची तपासणी सुचवणारा डॉक्टर चारित्र्यावर शंका घेत नसतो. त्या संसर्गात लसिका ऊतींची अशी वाढ सुरुवातीच्या काळात खरोखरच दिसते. सिफिलिसचा पहिला व्रणही कधीकधी टॉन्सिलवर उठतो, बऱ्याचदा न दुखणारा. तो काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, आणि हेच त्याचं फसवं रूप; आजार आत तसाच असतो.

घटसर्पाबद्दल दोनच वाक्यं, पण ती टाळता येणार नाहीत. लसीकरण अपुरं असलेल्या माणसाच्या टॉन्सिलवर करडा, घट्ट चिकटलेला पापुद्रा दिसत असेल आणि ताप व दुखणं त्या मानाने किरकोळ असेल, तर तासांचा हिशेब धरून रुग्णालय गाठायचं. पापुद्रा खरवडून पाहायचा नाही, रक्त येतं.

दुर्मीळातलं दुर्मीळ असूनही सांगण्याचा मोह आवरत नाही असं एक कारण आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या चेसापीक उपसागरात टँजियर नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या एका भावंडांच्या जोडीत १९६१ साली डोनाल्ड फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी एक आनुवंशिक आजार नोंदवला, ज्यात मोठ्या झालेल्या टॉन्सिल्सचा रंग चक्क नारिंगी-पिवळा असतो. शरीराला पेशींमधलं कोलेस्टेरॉल बाहेर काढता येत नाही, रक्तात एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, जवळजवळ नसतंच, आणि तो साठा टॉन्सिलमध्ये दिसतो. त्यामागचं जनुक १९९९ मध्ये सापडलं. रंग नीट पाहिला म्हणून हृदयविकाराच्या संशोधनाला एक दार उघडलं. आकार पाहून थांबले असते तर एक साधी शस्त्रक्रिया होऊन विषय संपला असता.

जे कारण मनात ठेवून लोक रात्री जागतात, ते आता. एका बाजूचा, न दुखणारा, वाढत जाणारा टॉन्सिल कर्करोगाचा असू शकतो. लहान मुलांत नुसता डावा-उजवा फरक असला आणि बाकी काही नसलं, तर तशी शक्यता फारच कमी असते. पण काही आठवड्यांत भरभर वाढलेला एकच टॉन्सिल, मानेत मोठी गाठ, रात्री कपडे भिजवणारा घाम, कारणाशिवाय घटणारं वजन, यांतलं काही सोबत आलं तर लिम्फोमाचा, म्हणजे लसिका पेशींच्या कर्करोगाचा, विचार करावा लागतो. प्रौढांत तंबाखू आणि दारू हे जुने ओळखीचे आरोपी आहेत. त्यांच्या जोडीला एचपीव्ही विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार आहे, आणि त्याने होणारा टॉन्सिलचा कर्करोग कधीच तंबाखू न खाल्लेल्या, सिगारेट न ओढलेल्या माणसालाही गाठतो. त्यात टॉन्सिल दिसायला जवळपास साधा असू शकतो. पहिली खूण मानेत लागते: दाढी करताना किंवा साबण लावताना जबड्याच्या कोनाखाली हाताला येणारी, न दुखणारी गाठ.

ती गाठ चाचपायची रीत अशी: मान त्याच बाजूला जराशी कलती करायची म्हणजे स्नायू सैल पडतो, आणि बोटांच्या पेरांनी जबड्याच्या कोनामागून खाली हळूहळू सरकायचं. सर्दीपडशात तिथे अवधाण येतंच. सेंटिमीटरभराची, मऊ, बोटाखाली सरकणारी, दाबल्यावर थोडी दुखणारी गाठ साधारणपणे निरुपद्रवी असते. दुखणारी गाठ बरी आणि न दुखणारी वाईट हा मानेच्या गाठींचा उलटा न्याय लोकांना पटत नाही, पण तो बऱ्याच अंशी खरा आहे. टणक, तळाला चिकटलेली, वाढत जाणारी किंवा २ ते ३ आठवड्यांत न जिरलेली गाठ प्रौढ माणसाने दाखवायलाच हवी. आणखी एक धागा आहे, कानाचा. टॉन्सिलची संवेदना नेणारा मेंदूचा नववा मज्जातंतू मध्यकर्णालाही शाखा देतो. त्यामुळे टॉन्सिल स्वतः दुखत नसतानाही एकाच बाजूचा कान ठणकत राहतो आणि कान तपासला तर अगदी स्वच्छ निघतो. चाळिशीनंतर असा कान दुखत असेल तर घसा पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. थुंकीत रक्त, घास अडकणं, आवाज बदलणं ही पुढची लक्षणं. तोवर थांबायची गरज नाही.

तपासण्यांचा क्रम चुकला की वेळ जातो. रक्तगणना आणि रक्ताचा काचपट्टीवरचा नमुना आधी. मानेत गाठ असेल तर सोनोग्राफी करून सुईने पेशी काढतात. खोलवरच्या फुगवट्याला सीटी किंवा एमआरआय. संशय पक्का असेल तर टॉन्सिलचा तुकडा न काढता अख्खा टॉन्सिल काढून पाठवणं बरेचदा योग्य ठरतं, आणि लिम्फोमाची शंका असेल तर नमुन्याचा काही भाग फॉर्मेलिन या टिकवण्याच्या द्रावणात न बुडवता ताजा पाठवावा लागतो, नाहीतर पेशींचे काही महत्त्वाचे तपास करताच येत नाहीत. नेहमी होणाऱ्या चुका दोन. निदान नसताना एकामागून एक प्रतिजैविकांचे कोर्स देत राहणं ही पहिली; दुखत नाही, ताप नाही, जंतू मारायचे कुठले? त्यात सहज दीड महिना जातो. दुसरी जास्त घातक: 'सूज उतरायला' म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या. त्याने लिम्फोमासुद्धा काही दिवस आक्रसतो, सगळे खूश होतात, आणि नंतर घेतलेल्या नमुन्यात निदान धड हाती लागत नाही.

सूज साधी आहे असं ठरल्यावर करायचं काय, तर बहुधा काही नाही. मिठाच्या गुळण्यांनी दाह शमतो, वाढलेला आकार घटत नाही. नाकाची ॲलर्जी असेल तर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा उपयोगी पडतो, टॉन्सिलपेक्षा ॲडिनॉइडवर जास्त. उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरायचा, डोकं जरा पुढे झुकवायचं, नळीचं टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे ठेवायचं आणि जोरात ओढायचं नाही. मधल्या पडद्यावर फवारा मारत राहिलं तर नाकातून रक्त येतं आणि औषधाला दोष लागतो. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून देणारे बहुसंख्य.

आकार खरा अडचणीचा ठरतो तो झोपेत. मुलाचं घोरणं, घोरता घोरता श्वास थांबून दचका बसणं, मान मागे टाकून तोंड उघडं ठेवून झोपणं, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणं, अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणं, हे पाहावं. पहाटेच्या सुमारास, छाती उघडी ठेवून काढलेला दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ डॉक्टरांना दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो. अशी मुलं दिवसा बहुधा पेंगत नाहीत. उलट सैरभैर आणि चिडकी होतात, म्हणून कुणाला झोपेची शंका येत नाही. अशा ५ ते ९ वर्षांच्या, आजार फार गंभीर नसलेल्या ४६४ मुलांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचे टॉन्सिल्स आणि ॲडिनॉइड काढले, निम्म्यांना नुसतं लक्ष ठेवून सांभाळलं. ७ महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सामान्य आली. न झालेल्यांपैकी ४६ टक्क्यांचीही आली. शस्त्रक्रियेची बाजू मांडणारे पहिला आकडा सांगतात, थांबा म्हणणारे दुसरा. दोन्ही एकत्र ठेवले तर निर्णय त्या मुलाच्या रात्रीवर येऊन ठेपतो.

वारंवार दुखणारा टॉन्सिल काढायचा का, हे ठरवायला एका वर्षात ७, सलग दोन वर्षं दरवर्षी ५ किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा नोंद झालेला संसर्ग, असा हिशेब आहे. न दुखणाऱ्या टॉन्सिलला हा हिशेब लागूच होत नाही. शस्त्रक्रिया झालीच, तर जखमेवरचा पांढरा थर म्हणजे पू नव्हे, आणि तो थर सुटताना, साधारण ५ ते १० दिवसांत, रक्तस्रावाचा दुसरा धोका असतो. घरी सगळं ठीक म्हणून प्रवासाला निघणारे नेमके त्याच दिवसांत निघतात.

आणि 'मोठे दिसतात, काढून टाका' या सल्ल्याचं वजन किती, ते १९३४ साली अमेरिकन चाइल्ड हेल्थ असोसिएशनने न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये पाहिलं. ११ वर्षांची १००० मुलं होती. त्यातल्या ६११ जणांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ जणांना डॉक्टरांनी तपासलं आणि १७४ जणांना शस्त्रक्रिया सुचवली. ज्या २१५ जणांना गरज नाही असं ठरलं होतं, त्यांना दुसऱ्या डॉक्टरांपुढे बसवलं. त्यांनी ९९ जणांचे काढायला सांगितले. राहिलेल्या ११६ जणांना तिसऱ्यांदा तपासलं, तेव्हा आणखी ५१ निवडले गेले. शेवटी ६५ मुलं उरली. त्यांची चौथी तपासणी झाली नाही, कारण तपासायला नवे डॉक्टर उरले नव्हते.